कोटिंग प्लँट घरात टाकू का, काका?

प्रश्न माझ्या जुन्या मित्राच्या मुलाचा आहे. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) त्यांचं कंट्रोल पॅनलचं, म्हणजे विजेची उपकरणं बसवलेल्या पत्र्याच्या कपाटांचं, युनिट आहे, चाळीसेक माणसं, शीट मेटल घरात, वायरिंग आणि टेस्टिंग घरात, पावडर कोटिंग (पत्र्यावर रंगाची पावडर गननं उडवून ओव्हनमधे भाजायची) तेवढं बाहेर. तो लिहितो, "काका, कोटिंगवाला महिन्याला दोन लाख घेऊन जातो, वर माल वेळेवर देत नाही, रंगाची शेड पण चुकवतो. बाबा म्हणतात आपलाच प्लँट टाकू. ३५ लाखाचं कोटेशन आलंय. मी हिशेब केला, चौरस फुटाला चार रुपये पडतात आणि आपण १६ देतोय. मोठ्या कंपन्या हे घरात-की-बाहेर कसं ठरवतात, काही फॉर्म्युला असतो का?"

फॉर्म्युला असतो. मी तीस वर्षं बडोद्यात परचेस आणि व्हेंडर डेव्हलपमेंटच केलंय, तो फॉर्म्युला मी शेकडो वेळा एक्सेलमधे भरलाय, आणि तुला खरं सांगतो, बऱ्याच वेळा निर्णय आधीच झालेला असायचा आणि एक्सेल नंतर त्याच्या मापाचं शिवलं जायचं. साहेब व्हेंडरवर चिडलेले असले की घरातला आकडा कमी यायचा, युनियनवर चिडलेले असले की बाहेरचा कमी यायचा. तुझे बाबा सध्या कोणावर चिडलेत ते पत्रातच दिसतंय.

पण आकडे आधी बघू, कारण तुझे चार रुपये चुकीचे आहेत. तू पावडर धरलीस, गॅस धरलास आणि थांबलास. पावडर ठीक आहे: एक किलो ६० मायक्रॉन जाडीला कागदावर साधारण १२० चौरस फूट जाते, पण उडालेली, कोपऱ्यात जास्त बसलेली, शेड बदलताना बूथमधून (फवारायच्या खोलीतून) झाडून फेकलेली वजा केली की हातात ७५-८० फूटच येतात, म्हणजे किलोला समज २२० रुपये धरले तर फुटाला तीनेक रुपये. आता त्यात ओव्हनचा गॅस, कोटिंगच्या आधी पत्रा धुवायच्या टँकची केमिकल्स, वीज, पाणी घाल, आणखी साडेतीन. झाले साडेसहा. हा झाला फक्त माल जाईल तसा वाढणारा खर्च. आता माल जावो न जावो, तो खर्च बघ. चार माणसं तरी लागतील, एक टँकवर, एक गनवर, दोन टांगायला-उतरवायला, पीएफ-बोनस धरून डोक्याला १८,००० म्हटले तरी ७२,०००. ३५ लाखाचा प्लँट दहा वर्षांत झिजतो धरलं तर महिन्याला २९,०००, बँकेचं व्याज ११ टक्क्यांनी सुरुवातीला ३२,०००. मेंटेनन्स, टँकमधला गाळ उचलून न्यायचा खर्च, प्रदूषण बोर्डाच्या कन्सेंटची फी मिळून १२,०००. बेरीज १ लाख ४५ हजार, आणि ही बेरीज प्लँट बंद असला तरी दर महिन्याला तुझ्या टेबलावर येऊन बसणार.

तुमचं काम महिन्याला सरासरी १२,००० चौरस फूट, म्हणजे घरातला खर्च १,४५,००० अधिक ७८,०००, एकूण २ लाख २३ हजार. बाहेर आज १६ ने १ लाख ९२ हजार देताय, टेम्पोचं फुटाला एक रुपया धर, २ लाख ४ हजार. म्हणजे चार रुपयाला पडणारं कोटिंग प्रत्यक्षात साडेअठराला पडतंय आणि १९,००० रुपये महिन्याला जास्त जातायत. बरोबरी कधी होईल ते काढायला फार डोकं लागत नाही, १ लाख ४५ हजार भागिले साडेदहा (१७ वजा साडेसहा), म्हणजे जवळजवळ १४,००० चौरस फूट. त्याच्या वर गेलास की घरात स्वस्त, खाली आलास की बाहेर स्वस्त. आणि जागेचं भाडं मी अजून धरलेलंच नाही, ते टँक आणि ओव्हन जिथं बसणार तिथं आज तुमची तयार पॅनलं उभी असतात ना, ती मग कुठं ठेवणार?

आता सरासरी विसर. पॅनलच्या धंद्यात सरासरी महिना नावाचा महिना कधी येतच नाही हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. मार्चमधे सरकारी ठेकेदार सगळे एकदम उठतात, तेव्हा समज २०,००० फूट काम असेल, घरात पावणेचौदा रुपये पडेल, बाहेर १७, एका महिन्यात ६५,००० वाचतील आणि बाबा खूश होतील. पण पावसाळ्यात ७,००० झालं की घरातलं कोटिंग फुटाला २७ रुपयांना पडणार. बाहेर तेव्हाही १७ च. म्हणजे बाहेरच्याला जो १६ रुपये रेट देतो त्यातले काही रुपये कोटिंगचे नाहीतच, ते "काम नसेल तेव्हा मला फोनसुद्धा करू नको" या सोयीचे आहेत. मंदीत रिकाम्या ओव्हनचं टेन्शन त्यानं घेतलंय. ते टेन्शन तुम्ही विकत घ्यायला निघालात, एवढं डोक्यात स्पष्ट असू दे.

उलटी चूकही होते बरं का, आणि ती मी स्वतः केलीये, म्हणून सांगतो. एका कंपनीत आम्ही बसबारचे (पॅनलमधल्या वीज वाहून नेणाऱ्या तांब्याच्या पट्टीचे) तुकडे घरात कापायचो, वाकवायचो, भोकं पाडायचो. अकाउंट्सनी कॉस्ट शीट दिली, नगाला १४० रुपये. बाहेरचा एक जण ११० ला द्यायला तयार, तांबं आपलं. मी लगेच पीओ (खरेदीची ऑर्डर) काढला आणि ३० रुपये वाचवले म्हणून अप्रेजलमधे लिहून पण टाकलं. वर्षअखेरीला नफा वाढायच्या ऐवजी कमी झाला. का? त्या १४० मधले ५० रुपये ओव्हरहेड होते, फोरमनचा पगार, शेडचं भाडं, वॉचमन, कँटीन. बसबार बाहेर गेला म्हणून फोरमन घरी गेला नाही, वॉचमनपण तोच. म्हणजे ११० व्हेंडरला आणि ५० घरात तसेच, एकूण १६०. तेव्हापासून मी अकाउंट्सना एकच प्रश्न विचारतो: हे काम उद्या इथून गेलं तर यातला कुठला खर्च खरंच बंद होईल? जो बंद होईल तेवढाच धरायचा, बाकीची शीट फाइलला लावायची.

तर हा झाला फॉर्म्युला, आणि एवढं येतं तर कुठलाही बीकॉमचा मुलगा ठरवू शकतो. पण माझ्या अनुभवात लोक बुडाले ते रुपयाच्या हिशेबात नाही. बुडाले ते याच्यात, की गोष्ट बिघडली त्या दिवशी कोण कोणाशिवाय अडतं.

याच्यावर अर्थशास्त्रात बरंच काम झालंय आणि ते पुस्तकी नाहीये, आपल्या जीआयडीसीत रोज घडतं. रोनाल्ड कोस नावाच्या इंग्रज माणसानं १९३७ साली एक साधा प्रश्न विचारला: बाजारात सगळं मिळतं तर कंपनी नावाची चीज असतेच कशाला, प्रत्येक काम बाहेरूनच का करून घेत नाहीत? त्याचं उत्तर असं की बाजारात जाणं फुकट नसतं. माणूस शोधा, भाव करा, कागद करा, मग त्यानं केलं की नाही ते बघत बसा, या सगळ्याला खर्च येतो, आणि तो खर्च घरातल्या भानगडींपेक्षा जास्त झाला की काम घरात येतं. त्याला नोबेल मिळालं १९९१ मधे, चोपन्न वर्षांनी. मग ऑलिव्हर विल्यमसन, २००९ चं नोबेल, त्यानं पुढची गोष्ट सांगितली: खरी गोम तिथं आहे जिथं एखादी वस्तू, साचा, मशीन किंवा माणसाचं कौशल्य फक्त एकाच गिऱ्हाइकाच्या उपयोगाचं असतं. तिथं करार झाल्यावर दोघं एकमेकांत अडकतात, आणि जो कमी अडकलाय तो दुसऱ्याची मान पकडतो.

माझी पकडली होती. सीटी-पीटी बनवणाऱ्या एका कंपनीत होतो मी, नाव नको. सीटी म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, त्याचं रेझिन कास्टिंग आम्ही बाहेर द्यायचो. साच्यात वाइंडिंग ठेवायचं, इपॉक्सी रेझिन, हार्डनर आणि सिलिका पावडर यांचं मिश्रण व्हॅक्यूममधे हवा काढून ओतायचं, मग ओव्हनमधे तासन्तास. व्हेंडर चांगला होता, आठ वर्षं काम करत होता, दिवाळीला मिठाई, फोन केला की "थई जशे साहेब" (होऊन जाईल साहेब) हे एकच वाक्य आणि खरंच व्हायचं. साचे त्याच्याकडे. पैसे निम्मे आमचे निम्मे त्याचे, आणि हे कुठंच लिहिलेलं नव्हतं, कारण आठ वर्षांच्या माणसाशी कागद कसला करायचा! त्याचे वडील गेले, मुलगा बसला गादीवर, आणि एका फेब्रुवारीत, आमच्या ऑर्डरी तुंबलेल्या असताना, त्यानं १८ टक्के रेट वाढवून मागितला. मी त्याच्या शेडमधे उभा, समोर रॅकवर आमचे अकरा साचे, प्रत्येकावर आमच्या ड्रॉइंगचा नंबर खोदलेला, आणि मी एकही उचलून आणू शकत नव्हतो. नवे बनवायला दहा-बारा आठवडे. दिला रेट, करणार काय.

इथपर्यंत सगळ्यांना माहिती असते अशी गोष्ट. मला सांगायचंय ते पुढचं. आमचे एमडी इतके भडकले की एप्रिलमधे त्यांनी स्वतःचा व्हॅक्यूम कास्टिंग प्लँट ऑर्डर केला, "कोणाच्या बापाला घाबरायचं नाही" वगैरे. प्लँट आला, फोटो काढले, पूजा झाली. पहिल्या महिन्यात पार्शियल डिस्चार्जच्या टेस्टला (इन्सुलेशनमधे पोकळी आहे का ते पकडणारी टेस्ट) निम्मी पीस फेल. कापून बघितलं तर आत मोहरीएवढे बुडबुडे. व्हॅक्यूम मीटर बरोबर दाखवत होता, तापमान बरोबर, रेझिन त्याच कंपनीचं. व्हेंडरकडचा म्हातारा ऑपरेटर साचा किती गरम आहे ते हाताच्या उलट्या बाजूनं बघायचा आणि पावसाळ्यात सिलिका आदल्या रात्री ओव्हनमधे वाळवून ठेवायचा, हे कुठल्याच मॅन्युअलमधे नव्हतं. आम्हाला ते कळायला चौदा महिने लागले. प्लँट आठवड्यात तीन दिवस चालायचा, कारण आमचं काम तेवढंच होतं, बाकी दिवस चार माणसं झाडलोट करायची. म्हणजे आम्ही दोनदा फसलो, आणि दुसऱ्यांदा व्हेंडरनं नाही फसवलं. आमचं भांडण साच्याच्या मालकीचं होतं. उत्तर होतं एक पानाचा करार: साचे आमचे, मागितल्यावर सात दिवसांत परत, शिवाय नेहमीच्या तीन साइजचा एकेक जादा साचा दुसऱ्या व्हेंडरकडे. लाख-दोन लाखाचं काम. आम्ही त्याच्याऐवजी कारखाना काढला.

म्हणून तुला विचारतो, तुझा कोटिंगवाला तुझी मान पकडू शकतो का? त्याच्याकडे तुझं असं काय आहे? साचा नाही, डाय नाही. सात टँक आणि ओव्हन कोणाच्याही दारांना चालतात, आरएएल ७०३५ (शेडचा ठरलेला नंबर) सगळ्या बडोद्यात तोच करडा आहे. मकरपुऱ्यात तर गल्ली सोडून गल्लीत कोटर आहेत, मंजुसरला आहेत, पोर गावाला आहेत. उद्या सोडलास तर परवा दुसरा मिळतो. विल्यमसनच्या भाषेत सांगायचं तर अडकण्यासारखं काहीच नाही, आणि अशी कामं बाहेर ठेवायचीच असतात, भले थोडी महाग पडली तरी.

उलट तुमची डिझाइन, वायरिंग आणि टेस्टिंग बघ. गिऱ्हाईक तुमच्याकडे परत येतं ते कशासाठी, दाराचा रंग छान म्हणून? सप्लाय केल्यावर फील्डवर पॅनल पहिल्या दिवशी चालू होतं म्हणून येतं. ते बाहेर दिलंस तर दोन वर्षांत तुझा वायरमन तुझ्याच गिऱ्हाइकाला कोटेशन देताना दिसेल. हे मोठमोठ्यांचं झालंय. १९८१ मधे आयबीएमनं आपला पीसी झटपट बाजारात आणायला प्रोसेसर इंटेलचा घेतला आणि ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची, त्या वेळी ते शहाणपणाचंच वाटलं, आणि मग त्या धंद्यातला पैसा कुठं गेला ते सगळ्यांनी बघितलं.

मोठ्या कंपन्या कसं ठरवतात विचारलंस म्हणून सांगतो, त्या पण इकडून तिकडे झोके घेतात. हेन्री फोर्डला सगळं घरात हवं होतं, रूज नदीवरच्या कारखान्यात एका टोकाला लोहखनिज आणि दुसऱ्या टोकाला गाडी, काच स्वतःची, पोलाद स्वतःचं, आणि टायरच्या रबरासाठी १९२८ मधे ब्राझीलच्या जंगलात मळासुद्धा काढला. रबराची झाडं रोगानं गेली, १९४५ मधे सगळं विकून मोकळे झाले. दुसऱ्या टोकाला बोइंग. ७८७ विमानाच्या वेळी त्यांनी पंख, बॉडीचे तुकडे, सगळं जगभरच्या पार्टनरांना दिलं, डिझाइनसकट. पहिलं विमान तीन वर्षांहून जास्त उशिरा, २०११ मधे गिऱ्हाइकाला मिळालं, आणि मधेच २००९ मधे एका पार्टनरचा कारखाना बोइंगलाच विकत घ्यावा लागला. त्यांचा विचिटाचा बॉडी बनवणारा कारखाना २००५ मधे विकला होता, त्यातून स्पिरिट एरोसिस्टिम्स झाली, आणि २०२४ मधे तीच कंपनी परत विकत घ्यायचं ठरवलं. जगातली सगळ्यात हुशार माणसं पगारावर असून ही अवस्था, तर तू-मी चुकलो तर फार वाईट वाटून घेऊ नको.

मला मात्र टोयोटाची गोष्ट जास्त आवडते. १ फेब्रुवारी १९९७ ला त्यांच्या एका सप्लायरच्या, आयसिनच्या, कारखान्याला आग लागली. तिथं ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह बनायचा, हाताच्या मुठीत मावेल एवढा, टोयोटाच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांना तोच लागायचा आणि स्टॉक फक्त काही तासांचा. लाइनी बंद पडल्या. तुझे बाबा म्हणतील, बघ, बाहेर ठेवलं की असं होतं. पण पुढे काय झालं तर साठाहून जास्त कंपन्यांनी, ज्यांनी तो व्हॉल्व्ह कधी बनवला नव्हता, त्यात एक शिलाई मशीनवाली पण होती, ड्रॉइंग मागवून आपापल्या मशीनवर तो बनवायला घेतला, आणि आठवड्याच्या आत गाड्या परत निघायला लागल्या. पैशाचं नंतर बघू म्हणून. टोयोटानं इतकी वर्षं व्हेंडर सांभाळले होते त्याचा तो परतावा. आपण व्हेंडरला पेमेंटसाठी सहा फेऱ्या मारायला लावतो, आपल्याकडे आग लागली तर कोण येईल?

आता यावरून तुला एक विचारतो, राग मानू नको. तुमच्या कोटरचं पेमेंट किती दिवसांनी करता? मला अंदाज आहे, नव्वद. तू म्हणालास तो उशीर करतो. तो का करतो ते त्याच्या शेडमधे एक दिवस स्टूल टाकून बसलास तर कळेल. मी बसलोय. सकाळपासून एका मोठ्या पार्टीची ७०३५ ची दारं लाइनवर चालू असतात, टांगलेली, एकामागून एक, गनवाल्याला मान वर करायची गरज नाही. त्यात तुमचा छोटा हत्ती येतो, चाळीस दारं ७०३२ मधे आणि सहा माउंटिंग प्लेटा (पॅनलच्या आत उपकरणं बसवायचे पत्रे) केशरी. सहा! त्या सहा प्लेटांसाठी बूथ झाडायचा, होज साफ करायची, गन धुवायची, पाऊण तास गेला, आणि केशरीचा एक कण जरी राहिला तरी पुढच्या करड्या दारावर ठिपका येणार. तो काय करणार, तुमचा माल बाजूला ठेवणार, आणखी कोणाचा केशरी आला की एकदम मारू म्हणणार. आणि ज्याचे पैसे नव्वद दिवसांनी येतात त्याचा माल अजून थोडा बाजूला. शेड चुकते म्हणालास ती पण बहुतेक अशीच, ७०३२ संपत आली की जवळची दुसऱ्या मेकची पावडर भरतात.

हे सगळं घरात आणल्यानं जाणार नाही. केशरीच्या सहा प्लेटा तुझ्याच बूथमधे तुझाच पाऊण तास खाणार, फक्त आता ओरडायला समोर दुसरं कोणी नसेल.

पेमेंटचं तर आता कायद्यानंच बघावं लागतं. एमएसएमई कायदा २००६ चा आहे, सूक्ष्म-लघु व्हेंडरला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५, त्याच्यावर गेलं की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. हे कोणी मागत नसे, कारण मागितलं की पुढची ऑर्डर गेली. पण २०२३-२४ च्या वर्षापासून इन्कम टॅक्सनं त्याला दात लावले, ठरल्या मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी धरूच देत नाहीत, प्रत्यक्ष देशील त्या वर्षी धर. म्हणजे मार्चअखेर कोटरचे सहा लाख थकलेले असले तर तेवढा नफा जास्त दिसून त्यावर टॅक्स. बऱ्याच शेठ लोकांचं "बाहेर दिलं की व्हेंडरच्या पैशावर धंदा चालतो" हे गणित त्यानं बिघडवलं. दुसरीकडे जीएसटीनं बाहेरून घेणं सोपं केलं, पूर्वी राज्याबाहेरून घेतलं की सी फॉर्मवर दोन टक्के सीएसटी (केंद्राचा विक्रीकर) भरायचो, त्याचं क्रेडिट नाही, म्हणजे प्रत्येक हाताला माल थोडा महाग. जुलै २०१७ पासून क्रेडिट मिळतं. जॉबवर्कला माल डिलिव्हरी चलनावर जातो, वर्षाच्या आत परत आला पाहिजे एवढं सांभाळ, तुमच्याकडे जुन्या दारांचे स्क्रॅप तुकडे कोटरकडे पडलेले असतात ते आठवून बघ.

अजून एक, कारण बाबा हे म्हणणारच: "प्लँट रिकामा राहिला तर बाहेरचं जॉबवर्क घेऊ." मी हे कमीत कमी दहा कारखान्यांत ऐकलंय. तुला काम कोण देणार? दुसरे पॅनलवाले. ते त्यांच्या दारांची साइज, कटआउट, क्वांटिटी, सगळं तुझ्या आवारात आणून ठेवणार का, जिथं त्यांचा कॉम्पिटिटर बसतो? नाही देणार. राहिले फर्निचरवाले आणि ग्रिलवाले, त्यांचा रेट वेगळा, वसुली वेगळी, आणि मार्चमधे तुझं काम आलं की त्यांना तू तेच सांगणार जे आज तुला तुझा कोटर सांगतोय.

आणि कधी कधी उत्तर घरात पण नसतं आणि एका व्हेंडरकडे पण नसतं. आपल्या मकरपुऱ्यात एर्डा ही विजेच्या सामानाची टेस्टिंग करणारी संस्था आहे ना, १९७४ पासून, स्विचगिअरवाले, केबलवाले, ट्रान्सफॉर्मरवाले सगळे टेस्टिंगला तिथं रांग लावतात. शॉर्ट सर्किट टेस्टची लॅब एकेकट्यानं टाकायची म्हटली तर कोणाला परवडली असती? अशी मधली सोय जवळ असणं ही बडोद्यात धंदा करायची एक मोठी मजा आहे, बाहेरगावचे लोक ट्रकमधे पॅनल घालून इथं येतात, आपण स्कूटरवर जाऊन टेस्ट बघून येतो. पण त्या ओळीत उलटी गोष्ट पण सांगितली पाहिजे. हालोलला जनरल मोटर्सचा कारखाना होता, २०१७ मधे बंद झाला. ज्या छोट्या सप्लायरांनी फक्त त्या एका गिऱ्हाइकासाठी डाय आणि मशीनं लावली होती त्यांचं काय झालं असेल विचार कर. अडकणं हे दोन्हीकडून असतं, आणि तुझा कोटर फक्त तुझ्यावर जगत नाही ही तुझ्यासाठी पण चांगलीच गोष्ट आहे.

तर मी तुझ्या जागी असतो तर काय केलं असतं. पावडर मी विकत घेतली असती, एकाच मेकची, एकाच बॅचची, आणि कोटरला दिली असती, त्याचा रेट त्या हिशेबानं कमी. शेडचं भांडण तिथंच संपलं. केशरी प्लेटा महिन्यातून दोनदाच, जमवून. किंवा सरळ गॅल्व्हनाइज्ड शीटच्या प्लेटा बिनरंगाच्या चालतील का ते गिऱ्हाइकाला विचार, बऱ्याच जणांना चालतात आणि आपण उगाच रंगवत असतो. मंगळवार-शुक्रवार असे दोन दिवस कोटरशी ठरव, पेमेंट ३० दिवसांवर आण आणि त्याच्या बदल्यात अर्धा-एक रुपया माग, तो देईल, त्याला मार्केटमधून महिन्याला दोन टक्क्यांनी उचलावं लागतं. दुसरा कोटर पंचवीस-तीस टक्के कामावर चालू ठेव, खरंच चालू, नुसता लिस्टवर नाही, कारण दिवाळीनंतर लाभपाचमीपर्यंत एकाचं शटर उघडत नाही आणि छठला-होळीला दुसऱ्याची अर्धी माणसं गावाला जातात.

आणि कोटिंगची अक्कल घरात ठेव. प्लँट बाहेर असला तरी ती बाहेर देऊ नको. जाडी मोजायचं मीटर स्वतःचं घे, एका पोराला शिकव, प्रत्येक लॉटमधली पाच दारं ६० ते ८० मायक्रॉनमधे आहेत का बघ, ब्लेडनं जाळीच्या रेघा मारून टेप लावून ओढ, पापुद्रा निघतो का बघ. रंग सुटतो तो बहुतेक वेळा गनमुळे नाही, टँकमुळे सुटतो, डीग्रीजिंग (पत्र्याचं तेल काढणं) नीट नाही, फॉस्फेटिंगचा (रंग धरायला पत्र्यावर थर चढवायचा) टँक महिनोन्महिने बदललेला नाही, आणि ते दिसायला आठ महिने लागतात, तोवर पॅनल भरूचच्या कुठल्या तरी केमिकल प्लँटमधे गंजत असतं. त्या पोराला महिन्यातून एकदा कोटरच्या टँकचं रीडिंग घ्यायला पाठव. पुढेमागे प्लँट टाकायचाच झाला तर हाच मुलगा तो चालवेल, आम्हाला रेझिनच्या वेळी असं कोणीच नव्हतं.

प्लँट कधी टाकायचा? गेल्या ३६ महिन्यांची कोटरची बिलं काढ, महिन्याप्रमाणे चौरस फूट लिही. सरासरी काढू नको, सगळ्यात पडेल असे बारा महिने बाजूला काढ. तेसुद्धा १४,००० च्या आसपास असतील तर मला फोन कर, मग आपण बोलू, आणि तेव्हासुद्धा मार्चचं वरचं काम बाहेरच द्यायचं, प्लँट मार्चच्या मापाचा घ्यायचा नाही.

तोवर त्या ३५ लाखाच्या कोटेशनचं शेवटचं पान बघ. तिथं बारीक अक्षरात "पार्टीच्या स्कोपमधे" असं लिहून एक यादी असेल. सिव्हिल काम, गॅसची लाइन, कॉम्प्रेसर, आणि टँकच्या सांडपाण्याचा ईटीपी, म्हणजे ते पाणी शुद्ध करायचा प्लँट. ईटीपी यादीत असला तर त्याचं वेगळं कोटेशन मागव, आणि बाबांना दोन्ही कागद एकदमच दाखव.